एक नवा, तीन जुने

खड्ड्यात आदळून टायरच्या कडेला चीर गेली किंवा फुगा आला, की तो टायर पंक्चर काढून वाचत नाही, बदलावाच लागतो. बाकीचे तीन अजून दहा-पंधरा हजार किलोमीटर आरामात धावतील असे असतात, म्हणून एकच नवा घेतला जातो. यात कंजूषपणा नाही. चांगले टायर फेकून देणं कुणाला परवडतं? पण मोकळा रस्ता लागला की स्टिअरिंग हाताला वेगळं लागतं. गाडी एका बाजूला ओढते, ८०-९०च्या वेगाला थरथरते, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की नाक तिरकं होतं. ‘साहेब, नवा टायर आहे, थोडा चालला की बसेल,’ असं सांगून टायरवाला मोकळा होतो.

त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून जो लेप वापरतात, त्याचा अंश नव्या रबरावर राहिलेला असतो. शिवाय नव्या नक्षीचे उंच ठोकळे झिजलेल्या ठोकळ्यांपेक्षा जास्त लवतात. पहिले काहीशे किलोमीटर गाडी जपून चालवावी, हे खरंच. पण गाडी सतत एकाच बाजूला जात असेल, तर ती आपोआप सुधारेल म्हणून वाट पाहू नये.

टायर चार असले तरी गाडीचा हिशेब जोड्यांचा असतो: पुढची जोडी आणि मागची जोडी. जोडीतले डावा-उजवा एकसारखे असले, तर जुने असूनही गाडी सरळ चालते. एकच बदलला की ती सारखेपणाची घडी मोडते. १८५/६५ आर १५ या छोट्या गाड्यांच्या नेहमीच्या मापाचं उदाहरण घेऊ. नव्या कार टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. शेजारचा झिजून ३ मिलिमीटरवर आला असेल, तर दोघांच्या व्यासात १० मिलिमीटरचा आणि घेरात सुमारे ३ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दर किलोमीटरला जुनं चाक नव्यापेक्षा सुमारे ८ फेरे जास्त फिरतं. साध्या दोनचाकी ओढीच्या गाडीत डिफरन्शियल हा फरक निमूट सांभाळून घेतो. चारही चाकांना सतत ताकद देणाऱ्या गाडीत मात्र पुढच्या-मागच्या धुऱ्यांमधल्या क्लचवर त्याचा ताण येतो आणि तो तापतो. अशा गाडीचं माहितीपुस्तक किती फरक चालेल ते सांगतं, ते पाहिल्याशिवाय एकटा टायर घालू नये.

पण गाडी ओढण्याचं मुख्य कारण बहुधा उंचीतला फरक नसतो. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बनवताना हा पट्टा केसभर जरी एका कडेला सरकला, तर ती कड जास्त ताठ होते आणि वजनाखाली टायर किंचित शंकूसारखा वागतो. दाण्यांची कागदी पुडी आडवी ठेवून ढकलली, तर ती सरळ न जाता टोकाकडे वळते, तसंच. जुन्या जोडीत दोन बाजूंचे असे कल एकमेकांना छेदत असतील, तर ते कधी जाणवत नाहीत. एकाची जागा नव्याने घेतली की उरलेला कल उघडा पडतो. बाहेरून पाहून हा दोष ओळखता येत नाही आणि अलाइनमेंटच्या मशीनवरही तो दिसत नाही.

तो पकडायची युक्ती सोपी आहे. आधी चारही टायरची हवा थंड असताना तपासा, कारण कमी हवा असलेल्या बाजूला गाडी ओढतेच आणि अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. मग पुढचा डावा आणि उजवा टायर आपापसात बदला. ओढ दिशा बदलली तर दोष टायरचा, जशीच्या तशी राहिली तर अलाइनमेंट, ब्रेक किंवा सस्पेन्शन पाहा. मात्र टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर ही अदलाबदल सरळ करता येत नाही. चाचणी सपाट रस्त्यावर घ्या. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये निरोगी गाडीही थोडी डावीकडे झुकते.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ज्या खड्ड्याने टायर फाडला, त्याने रिमला आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना सोडलं असेल कशावरून? टायर नवा आल्यामुळे दोष त्याच्या माथी मारला जातो, पण वाकलेली असते रिम. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरत असताना स्वतः शेजारी उभं राहून रिमच्या कडेकडे पाहा. कड एका जागी स्थिर दिसायला हवी. ती आत-बाहेर डुलत असेल, तर कितीही वजनं चिकटवली तरी थरथर पूर्ण जाणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा टायर पुढे घालायची आपल्याकडे सवय आहे: स्टिअरिंग पुढे, इंजिनाची ताकद पुढे, मग चांगला टायर पुढेच हवा. तर्क पटणारा आहे, पण धोक्याचा आहे. झिजलेल्या उथळ खाचांमधून पाणी वेळेत बाहेर पडत नाही आणि टायर पाण्यावर उचलला जातो. हे पुढच्या चाकांना झालं, तर गाडी वळत नाही, सरळ जाऊ लागते. ड्रायव्हर आपसूक ॲक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागच्या चाकांना झालं, तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागचं टोक आणखी हलकं होतं आणि गाडी गरकन फिरते. द्रुतगती मार्गावर, भर पावसात, ते सावरणं रोजच्या ड्रायव्हरच्या हातात नसतं. म्हणूनच मिशेलिनसह मोठ्या टायर कंपन्या जास्त नक्षीचे टायर मागे घालायला सांगतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. एकच नवा घेतला असेल, तर तो मागे, उरलेल्या तिघांतल्या सर्वांत कमी झिजलेल्या टायरसोबत लावावा. दोघांत २-३ मिलिमीटरहून जास्त फरक असेल, तर मी दोन घ्यायला सांगेन.

दुसरा विकत घेण्याआधी मात्र डिकी उघडून पाहा. स्टेपनी पूर्ण मापाची, त्याच मेकची आणि कधीच न वापरलेली असेल, तर नव्याची जोडी तिथेच पडून आहे. ते दोघे मागे घाला आणि जुन्यांतला सर्वांत चांगला स्टेपनीला ठेवा. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे तेवढे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. रबर पडून राहिलं तरी कडक होत जातं, म्हणून सहा वर्षं उलटलेली स्टेपनी मी कायमची लावणार नाही. ती लहान मापाची, ८० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असेल, तर तिला जोडीत धरूच नये, ती फक्त दुकानापर्यंत पोचवण्यासाठी असते.

दुकानातून निघताना हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा रीसेट करून घ्या. अनेक गाड्यांत ती चाकांच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधते, आणि एक उंच टायर तिला चकवतो. नट पाना घेऊन समोरासमोरचे असे क्रमाने आवळलेले असावेत, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.