रेणूंचे पिंजरे

रसायनशास्त्राचे २०२५ सालचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी ह्या तिघांना मिळाले, तेव्हा त्या बातमीने आपल्या शहरात फारशी खळबळ उडाली नाही. धातूचे अणू आणि कार्बनी रेणू एकमेकांस जोडून आतून पोकळ अशी रचना उभी करावयाची, एवढे वर्णन वाचून कोणी पान उलटले तर त्यास दोष देता येणार नाही. तथापि ज्या छत्रपती संभाजीनगरच्या भोवतालचा काळा दगडच अशा पिंजऱ्यांचे माहेरघर आहे, त्या शहराने तरी येथे क्षणभर थांबावयास हवे होते.

वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या बसाल्टात कोरली गेली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा होय. तो निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले, आणि त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने पुढे पांढरे, गुलाबी स्फटिक घडविले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहावयास मिळतात. त्यांतील पुष्कळ स्फटिक झिओलाइट वर्गातले आहेत. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेटने असा दगड तापवला तेव्हा तो फसफसला, म्हणून त्याने त्यास ‘उकळणारा दगड’ ह्या अर्थाचे हे ग्रीक नाव दिले. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन ह्यांच्या सूक्ष्म पिंजऱ्यांत कोंडलेले पाणी बाहेर पडत होते, एवढेच. ह्याच जातीचे कृत्रिम झिओलाइट आज तेलशुद्धीकरणात उत्प्रेरक म्हणून राबतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घडविलेला असा उत्प्रेरक १९८०च्या दशकात बडोद्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात वापरात आला.

निसर्गाचा पिंजरा मात्र मनाजोगता बदलता येत नाही. धातूचा येतो. धातूचा आयन हा कोपरा आणि कार्बनी रेणू ही बाजू किंवा भिंत, अशी योजना करून दोहोंचे प्रमाण व कोन नीट साधले, तर द्रावणात ते आपल्या आपण जुळतात. १९९५ साली जपानच्या माकोतो फुजिता ह्यांनी पॅलेडियमचे सहा कोपरे आणि चार त्रिकोणी रेणू घेऊन असा पिंजरा बांधला. नोबेल मिळालेली रचना ही जणू अशा खोल्यांची अखंड चाळ. फुजितांची ती सुटी, स्वतंत्र खोली.

ह्या खोलीत रेणू शिरला की त्याचा स्वभाव पालटतो. केंब्रिजमध्ये २००९ साली लोहाच्या पिंजऱ्यात पांढरा फॉस्फरस ठेवला, तर हवेत आपोआप पेट घेणारा हा पदार्थ शांत राहिला. कारण जळून होणारा रेणू त्या जागेत मावतच नाही! बर्कलेत गॅलियमच्या पिंजऱ्याने २००७ साली, एरवी आम्लावाचून न होणारी क्रिया अल्कधर्मी द्रावणात घडवून आणली. अडचणही आहे. तयार झालेला पदार्थ पुष्कळदा आतच ठाण मांडून बसतो. पाहुणा उठला नाही तर दुसऱ्यास जागा कोठून मिळणार, आणि मग तो पिंजरा उत्प्रेरक कसला?

वाळवंटी हवेतून पाणी टिपणाऱ्या याघींच्या पदार्थांविषयी ऐकून मराठवाड्याचे कान टवकारणे स्वाभाविक आहे. परंतु २०१६ साली मिरजेहून लातुरास गेलेल्या पहिल्या गाडीनेच पाच लक्ष लिटर पाणी नेले होते, हे स्मरावे. किलोभर भुकटीकडून तशी अपेक्षा आज तरी करता येत नाही.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती रॉबसन ह्यांची हकिकत. १९७४ साली मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांना दाखवावयाच्या नमुन्यांसाठी त्यांनी लाकडी गोळ्यांना भोके पाडून घेतली. भोकांच्या जागाच रेणूचा आकार ठरवितात हे पाहता पाहता त्यांना कल्पना सुचली, आणि १९८९ साली तांब्याची पहिली जाळी प्रसिद्ध झाली. म्हणजे उगम वर्गात होता, आणि मधली पंधरा वर्षे कोणी त्यांच्याकडे फळाचा तगादा लावला नाही. आपल्या राज्यातील विद्यापीठांत प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या पडतात. तासिका तत्त्वावर एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या तरुणाने लाकडी गोळ्यांकडे केव्हा पाहावे?

हा पिंजरा बांधावयास कारखाना लागत नाही. लहानशा प्रयोगशाळेतही तो जमतो. खर्चाचे काम आहे ते बांधलेले पाहण्याचे. चुंबकीय अनुस्पंदनाचे आणि स्फटिकावरील क्ष-किरणांचे यंत्र नसेल तर हाती आलेली भुकटी पिंजरा आहे की गाळ, हे सांगता येत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हे काम उत्तम चालले आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाने भोवतालच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी ह्या यंत्रांचा वेळ राखून ठेवावा, त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये, आणि ती चालविणारा तंत्रज्ञ कायम नेमणुकीचा असावा. रिकाम्या जागा भरण्याचे काम मात्र शासनाचे आहे.