आई, मी तुमचीच ना?

मराठी घरांत एक थट्टा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. मूल हट्टाला पेटलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुला आम्ही बोहारणीकडून घेतलंय, दोन जुन्या साड्या देऊन." कुठे बोहारणीच्या जागी देवळाची पायरी येते, कुठे जत्रा. चार-पाच वर्षांचं मूल हे ऐकून रडतं, आईच्या कुशीत शिरतं आणि विसरून जातं. तेच वाक्य तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या कानावर पडतं, तेव्हा ती रडत नाही. ती गप्प होते आणि मनाशी हिशेब मांडू लागते. माझा रंग कुणासारखा? माझं नाक कुणाचं? माझा बारशाचा फोटो का नाही? दादाला मुंबईला ठेवलं आणि मला गावाला आजीपाशी का? एखाद्या रात्री भांडी विसळताना ती आईला विचारते, "आई, मी खरंच तुमचीच ना गं?" आई म्हणते, "गप गो, काय खुळी की काय!" विषय तिथेच संपतो, असं आईला वाटतं.

तो संपत नाही, म्हणूनच त्याच्याविषयी थोडं समजून घ्यायला हवं. पहिली गोष्ट अशी की, ही शंका या वयात येणं हे काही बिघाडाचं लक्षण नाही. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विचारशक्तीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं, की अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलाला 'जर-तर'चा विचार करता येऊ लागतो. समोर जे आहे ते तसं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न त्याला पहिल्यांदा नीट पडतो. भूमिती सोडवायला लागणारी ही शक्ती मुलगी घरावरही वापरून पाहते. सिग्मंड फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधात याच कल्पनेचा विचार केला होता. आपले खरे आईबाप दुसरेच कुणी, बहुधा अधिक थोर असले पाहिजेत, असं पुष्कळ मुलं मनाशी रचतात. आईबाप सर्वगुणसंपन्न नाहीत हे कळल्यावर त्यांच्यापासून थोडं दूर होण्याचा तो एक मार्ग असतो, असं त्याने सांगितलं.

'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द आज आपण सहज वापरतो. तो रूढ करणारा एरिक एरिक्सन स्वतःच या प्रश्नातून गेला होता. १९०२ साली फ्रँकफर्टला जन्मलेल्या या मुलाला त्याचा जन्मदाता कोण हे कधीच कळलं नाही. आईने पुढे होम्बुर्गर नावाच्या बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि तेच तुझे वडील, असं मुलाला सांगण्यात आलं. पण मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. शाळेत त्याला ज्यू म्हणून चिडवायचे आणि ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात तो ज्यू दिसत नाही म्हणून. पुढे १९३९ साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने एरिक्सन हे आडनाव स्वतःच निवडलं. किशोरवयाचं मुख्य काम 'मी कोण' याचं उत्तर शोधणं हे आहे, असा सिद्धान्त त्याने मांडला. लहानपणी घरात पाळलेल्या गुपिताचा त्याला किती त्रास झाला होता, हे पाहिलं की त्या सिद्धान्तामागचा माणूस दिसतो.

आता मुलीच्या हिशेबातल्या पुराव्यांकडे वळू. तिचा सगळा भर असतो चेहऱ्यावर. सख्ख्या भावंडांमध्येही जनुकांचा सरासरी निम्माच वाटा सारखा असतो. त्वचेचा रंग, उंची, चेहऱ्याची ठेवण ही एकेका जनुकावर ठरत नाही, त्यांत पुष्कळ जनुकांचा हात असतो. त्यामुळे दोन गोऱ्या भावंडांत एक सावळी मुलगी जन्माला येणं यात नवल काहीच नाही. ती कदाचित पणजीवर गेलेली असते आणि पणजीचा फोटो घरात नसतो, इतकंच.

दुसरा पुरावा शाळेच्या आरोग्य तपासणीतून येतो, तो म्हणजे रक्तगट. वडील 'ए', आई 'बी' आणि मुलगी 'ओ', म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड, असं मैत्रिणी सांगतात. गडबड मुळीच नसते. 'ए' आणि 'बी' गटांच्या आईबापांना चारही गटांची मुलं होऊ शकतात, कारण 'ओ'चं जनुक दोघांकडेही लपलेलं असू शकतं. दोघेही 'ओ' असले तर मूल 'ओ'च व्हायला हवं, आणि एक 'एबी' असेल तर मूल सहसा 'ओ' होत नाही. या 'सहसा'लाही अपवाद आहे आणि तो आपल्या मुंबईतच सापडला. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ रक्तगट जगापुढे आणला. त्याला आज 'बॉम्बे ब्लड ग्रूप' म्हणतात. अशा माणसाच्या अंगी 'ए' किंवा 'बी'चं जनुक असलं तरी नेहमीच्या तपासणीत त्याचं रक्त 'ओ' दिसतं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा आढळतो. शिवाय तपासणीत किंवा कार्डावर लिहिताना चूक होतेच. तेव्हा शाळेच्या कार्डावरच्या एका अक्षरावरून कुणी आपलं घर मोडीत काढू नये. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं.

पण समजा, रक्ताचं नातं अगदी पक्कं सिद्ध झालं. तेवढ्याने मुलीचा प्रश्न सुटतो का? याचं उत्तर शोधायला रत्नागिरीकरांना लांब जायला नको.

ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवलं. आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो तो राजवाडा १९१० साली तयार झाला, म्हणजे राजाने इथे चोवीस वर्षं काढल्यावर. त्याच्या चार मुली याच कैदेत वाढल्या. त्या राजघराण्यात लग्नं घरातल्या घरात, राजरक्तातच व्हायची. थिबा आणि राणी सुपयालत हीसुद्धा सावत्र भावंडंच. रत्नागिरीत राजरक्ताचा नवरा मुलगा आणायचा कुठून? थोरल्या राजकन्येचं मन जडलं ते दारावरच्या गोपाळ सावंत या मराठी माणसावर. तो आधीच विवाहित होता. १९०६ साली त्यांना मुलगी झाली. तिला सगळे टूटू म्हणत.

टूटूच्या रक्ताविषयी कुणालाच शंका नव्हती. ती राजाची सख्खी नात होती. पण राजघराण्याच्या हिशेबात तिची जागा कुठली, हे कुणाला सांगता आलं नसतं. डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचं रत्नागिरीत निधन झालं. १९१९ साली राणी आणि कुटुंब ब्रह्मदेशी परतलं. टूटू तेव्हा तेरा वर्षांची होती, म्हणजे आपण ज्या वयाविषयी बोलत आहोत नेमक्या त्याच वयाची. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीलाच राहिली आणि १९४७ साली इथेच गरिबीत वारली. टूटू इथे वाढली, मराठी बोलली, मराठी घरात तिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली. संसार ओढग्रस्तीचा होता. २००० साली ती गेली, तेव्हा तिच्यामागे एक मोठं मराठी कुटुंब होतं.

पुढे डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले, थिबाच्या समाधीवर गेले आणि टूटूच्या वंशजांना भेटले. २०१६ साली थिबाच्या शंभराव्या स्मृतिदिनाला म्यानमारमधले आणि रत्नागिरीतले नातलग त्याच समाधीपाशी एकत्र आले. राजघराण्याने टूटूच्या माणसांना आपलं म्हणायला जवळजवळ एक शतक लागलं. रत्नागिरीच्या शेजारपाजाऱ्यांनी ते फार आधीच म्हटलं होतं. रोजच्या जेवणाखाणात, सणावारात, आजारपणात जे माणूस बरोबर असतं, ते आपलं होऊन जातं. राजरक्ताने टूटूला जे दिलं नाही ते तिला या सहवासाने दिलं.

टूटूची गोष्ट राजघराण्यातली म्हणून वेगळी वाटते. पण आपल्या साध्यासुध्या घरांतही मुलीला रक्ताची असून परकी ठरवण्याची पद्धत आहेच. "मुलगी म्हणजे परक्याचं धन" हे वाक्य ती पाळण्यापासून ऐकते. "सासरी गेल्यावर कळेल" हे दहाव्या वर्षापासून. वडिलोपार्जित कलमांची बाग भावाची, हे कुणी न सांगता तिला ठाऊक असतं. अशा मुलीने चौदाव्या वर्षी "मी या घरची आहे का?" असं विचारलं, तर तिला खुळी कशी म्हणावी? प्रश्न आपणच तिच्या मनात पेरलेला असतो.

कायद्याने या प्रश्नाचं उत्तर कधीच दिलेलं आहे. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती केली आणि २००५ साली देशभर दुरुस्ती झाली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार झाली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की २००५ साली वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हा हक्क जात नाही. मुस्लिम कायद्यातही मुलीचा वाटा ठरलेला आहे, जरी तो मुलाच्या निम्मा असला तरी. सातबारावर नाव लागेल तेव्हा लागेल. पण "हे घर तुझंही आहे आणि लग्नानंतरही राहील" हे मुलीला मोठ्याने सांगायला तलाठी लागत नाही.

आता शेवटची आणि नाजूक बाजू. काही घरांत मुलीची शंका खरी असते, ती दत्तक असते. पूर्वी हे लपवण्याकडे कल असे, आणि मग एखाद्या लग्नकार्यात, भांडणात, शेजारणीच्या तोंडून ते बाहेर पडे. मुलीला तेव्हा दत्तक असण्यापेक्षा फसवलं गेल्याचं दुःख अधिक होतं. म्हणून दत्तक विषयातले समुपदेशक सांगतात, की ही गोष्ट मुलाला समजू लागल्यापासूनच, गोष्टीसारखी, पुन्हा पुन्हा सांगत राहावी, म्हणजे 'कळण्याचा दिवस' असा कधी येतच नाही. कायद्याच्या दृष्टीने दत्तक मूल हे त्या घराचंच मूल आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा असो की २०१५ चा बालन्याय कायदा, दोन्हींत ते स्पष्ट आहे. आपलं मूळ शोधावंसं वाटलं तर त्याचीही रीत २०२२ च्या दत्तक नियमांत आहे. अठरा वर्षांपुढच्या मुलीला स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. मूळ शोधणं म्हणजे घर नाकारणं नव्हे, हे आईवडिलांनी लक्षात ठेवलं तर पुष्कळ ताप वाचतो.

मग मुलीने विचारलं तर करायचं काय? आधी हसण्यावारी नेऊ नये आणि रागवूही नये. हातातलं काम बाजूला ठेवून बसावं आणि विचारावं, "तुला असं का वाटलं गं?" बहुतेक वेळा खरा प्रश्न तिथे सापडतो. तो भावाला मिळालेल्या मोबाइलचा असतो, रंगावरून मारलेल्या टोमण्याचा असतो, किंवा गावाला एकटं ठेवल्याचा असतो. आईवडील मुंबईला आणि मुलगी आजीपाशी, अशी घरं कोकणात पुष्कळ आहेत. तिथे पैशांची, जागेची जी खरी अडचण होती ती मुलीला सांगावी. चौदा वर्षांच्या मुलीला ती समजते. तिच्या जन्माची हकिगत सांगावी, कुठल्या दवाखान्यात, किती पावसात, नाव कुणी सुचवलं. ज्या घरात मुलीला स्वतःच्या जन्माची गोष्ट पाठ असते, तिथे बोहारणीच्या थट्टेने काही बिघडत नाही.

मात्र मुलगी आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, जेवण-झोप सुटली असेल, घर सोडण्याची किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर वाट पाहू नये. शाळेतल्या विश्वासाच्या बाईंशी, डॉक्टरांशी बोलावं. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर मोफत मदत मिळते. घरातच मारहाण किंवा अत्याचार होत असेल, तर मुलीने स्वतः १०९८ वर फोन करावा. त्यासाठी तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

"मी तुमचीच ना?" असं मुलगी विचारते, तेव्हा उत्तर 'हो' येईल अशी तिला अजून आशा असते. विचारायचंच सोडून दिलेल्या मुलीची काळजी अधिक करावी. म्हणून ती विचारते आहे तोवर तिला उत्तर द्यावं, आणि ते तिच्याकडे बघून द्यावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)