शासन छायाचित्र मागते. वेगाची हमी कोणाची?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्राच्या महसूल खात्याने पीक पाहणीचे काम शेतकऱ्याच्या हाती सोपविले. त्यापूर्वी तलाठ्याने शिवारात फिरावे आणि उभ्या पिकाची नोंद गाव नमुना बारामध्ये करावी, अशी रीत होती. नव्या व्यवस्थेत खातेदाराने आपल्या गटात उभे राहून मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि ‘ई-पीक पाहणी’ या ॲपमधून ते शासनाकडे पाठवावयाचे, असे ठरले. शिरोळ तालुक्यात हा दिवस उजाडला तेव्हा त्याच वर्षीच्या जुलैतील महापुराचे पाणी ओसरून फार काळ लोटला नव्हता. कित्येक शिवारांत पीक उभे नव्हतेच, कुजलेल्या उसाचा आणि सोयाबीनचा चिखल होता.

या योजनेचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. जुन्या पद्धतीतील दोष सर्वांस ठाऊक होते. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे, प्रत्येक गावात शेकडो गट. तेव्हा चावडीत बसून गतवर्षीच्या नोंदी यंदाच्या रकान्यात उतरविणे हा सोयीचा मार्ग होऊन बसला होता. आपल्या रानात काय पिकते हे सांगण्याचा पहिला अधिकार पिकविणाऱ्याचा असावा, हे तत्त्व निःसंशय योग्य आहे. प्रश्न तत्त्वाचा नसून ते ज्या तारेवरून, किंबहुना ज्या लहरींवरून चालावयाचे, त्या साधनाचा आहे. शासनाने नागरिकाकडे छायाचित्र मागितले खरे. पण ते छायाचित्र शिवारातून शासनापर्यंत पोहोचण्यास जो वेग लागतो, त्याची हमी कोणी दिली?

खेळण्यापासून पुराव्यापर्यंत

कॅमेऱ्याचा फोन जन्मास आला तो कागदपत्रासाठी नव्हे. ११ जून १९९७ रोजी फिलिप कान या अमेरिकेतील तंत्रज्ञाने आपल्या नवजात कन्येचे छायाचित्र रुग्णालयातूनच फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने मित्रमंडळींना पाठविले, तो प्रसंग या इतिहासाचा आरंभ मानला जातो. जपानमध्ये १९९९ आणि २००० या वर्षांत कॅमेरा असलेले फोन बाजारात आले. २००२ मधील नोकियाच्या ७६५० या फोनचे छायाचित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे तीन लाख ठिपक्यांचे होते. उत्पादकांची अपेक्षा अशी की, लोक एकमेकांना शुभेच्छा, सहलीची दृश्ये आणि मुलांचे चेहरे पाठवितील.

लोकांनी तसे केलेच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वापरणाऱ्याने यंत्राला आपल्या गरजेचे वळण दिले. सातबाराचा उतारा, गुणपत्रिका, वजनाची पावती, फळ्यावरचे वेळापत्रक, औषधाच्या डब्यावरील नाव, पिकावर पडलेली कीड या साऱ्यांचे छायाचित्र घेऊन ठेवणे हा कारकुनापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांचा परिपाठ झाला. जो फोन बोलण्यासाठी घेतला, तो नक्कल काढण्याचे यंत्र झाला आणि क्रमाने पुराव्याचेही.

शिरोळचे तीन महापूर या बदलाच्या तीन पायऱ्या दाखवितात. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या पाण्याशी या तालुक्याचा संबंध आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम तर नृसिंहवाडीलाच होतो. पूर या मुलखाला नवा नाही. २००५ च्या पुरात खेड्यांतून मोबाइल फोनच थोडे होते आणि कॅमेऱ्याचा फोन त्याहून विरळा. नुकसानीचा पुरावा म्हणजे पंचनामा, आणि पंचनामा म्हणजे सरकारी माणसाची लेखणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांची मर्यादा गाठली, तेव्हा घराघरांत कॅमेऱ्याचे फोन होते. छपरापर्यंत चढलेले पाणी आणि वाहून जाणारी जनावरे यांची दृश्ये जगभर गेली. २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला आणि त्याच वर्षी छायाचित्र ही हौसेची किंवा दुःख सांगण्याची गोष्ट न राहता शासनाच्या दप्तरातील नोंदीचा भाग झाली. जी गोष्ट ऐच्छिक होती ती आवश्यक झाली, आणि आवश्यक झाली की तिच्या साधनांचा विचार सार्वजनिक हिताच्या अंगाने करणे प्राप्त होते.

वेगाचे अंकगणित

वेगाची भाषा सामान्य माणसास फसवी वाटते, याचे एक कारण तिची मापे आहेत. छायाचित्राचा आकार बाइटमध्ये सांगतात, तर जाळ्याचा वेग बिटमध्ये. आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. आजच्या साध्या फोनवरील छायाचित्र तीन मेगाबाइटचे धरले, तर त्याचे २४ मेगाबिट झाले. सेकंदास दोन मेगाबिट या वेगाने ते १२ सेकंदांत जाईल. वेग सेकंदास १०० किलोबिटवर उतरला, तर त्याच छायाचित्रास चार मिनिटे लागतील. आणि जुन्या टू-जी जाळ्यावर प्रत्यक्षात मिळणाऱ्या ४० किलोबिटच्या आसपासच्या वेगाने दहा मिनिटे. दहा मिनिटे जोडणी अखंड राहिली, तरच. मध्ये तुटली तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

येथे आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. फोनकडे येणारी माहिती आणि फोनकडून जाणारी माहिती यांचे वेग सारखे नसतात. चित्रपट पाहणारा माहिती उतरवून घेतो. पीक पाहणी करणारा ती वर चढवितो. मनोऱ्यावरील यंत्र वीस-चाळीस वॅट शक्तीने लहरी सोडते, तर हातातील फोर-जी फोनची शक्ती एका वॅटच्या पाचव्या हिश्शाएवढी असते. देवळावरचा कर्णा रानात स्पष्ट ऐकू यावा, पण रानातून मारलेली हाक देवळापर्यंत पोहोचू नये, तशी ही स्थिती असते. म्हणून मनोऱ्यापासून दूरच्या गटात फोनवर गाणे वाजते, आणि छायाचित्र मात्र अडून बसते. त्यात पुरुषभर उंचीच्या उसात उभे राहिले की पानांतील पाणी लहरींची आणखी काही शक्ती शोषून घेते. ऊस हेच ज्या तालुक्याचे मुख्य पीक, तेथे ही बाब क्षुल्लक नव्हे.

आता शासनाची व्याख्या पाहावी. ब्रॉडबँड कशास म्हणावे याची किमान मर्यादा भारतात २००४ च्या धोरणात सेकंदास २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन मेगाबिट करण्यात आली. सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु ही मर्यादा माहिती उतरविण्याच्या वेगाची आहे; चढविण्याच्या वेगाविषयी व्याख्या मौन पाळते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ‘मायस्पीड’ या ॲपवर दोन्ही वेग मोजता येतात, म्हणजे मोजण्याची विद्या उपलब्ध आहे. उणीव आहे ती बंधनाची. ग्राहक हा केवळ घेणारा आहे, देणारा नव्हे, असे या व्याख्येने गृहीत धरले. महसूल खाते मात्र त्याच ग्राहकाकडे देणारा म्हणून पाहते. शासनाच्या या दोन हातांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही.

बाजार आणि मनोरा

मनोरा कोठे उभा राहतो, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात आहे. मनोऱ्याचा खर्च गिऱ्हाईक शंभर असोत की पाच हजार, फारसा बदलत नाही. उत्पन्न मात्र गिऱ्हाइकाबरोबर वाढते. म्हणून जयसिंगपूरसारख्या व्यापारी शहरास क्षमता आधी मिळते आणि नदीकाठच्या शेवटच्या गावास ती मागाहून मिळते. कंपन्यांना याचा दोष देऊन उपयोग नाही. तोटा सोसून मनोरे उभारण्यासाठी त्या जन्मास आलेल्या नाहीत. पण या तुटीची भरपाई करण्यासाठीच सार्वत्रिक सेवा दायित्व निधी निर्माण झाला, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर झाले. कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाच्या पाच टक्के इतका आकार या निधीसाठी घेतला जातो. तो शेवटी फोन वापरणाऱ्याच्याच खिशातून येतो. तेव्हा शिवारातील वेग ही याचना नसून भरलेल्या पैशाचा हिशेब आहे.

सीमेचा प्रश्न वेगळाच. शिरोळ तालुक्याला कर्नाटकाची हद्द लागून आहे. हद्दीवरच्या रानात फोन कोणत्या राज्यातील मनोऱ्याला जोडला जाईल, हे नकाशावरील रेषा ठरवीत नाही. कर्नाटकानेही २०२० पासून शेतकऱ्याकडून पीक पाहणी करून घेण्यासाठी स्वतःचे ॲप चालविले. एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन बांधांवर दोन ॲप, दोन मुदती आणि दोन दप्तरे आहेत. लहरी मात्र दोन्हीकडच्या एकमेकांत मिसळलेल्या.

केरळचा धडा

मोबाइल फोनचा उत्पादकास काय लाभ होतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण केरळातील आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तेथील मच्छीमारांचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाइल सेवा आली. समुद्रातूनच कोणत्या बंदरात भाव अधिक आहे हे विचारता येऊ लागले. परिणामी बंदराबंदरांतील भावाची तफावत कमी झाली, मासळी फेकून देण्याचे प्रकार थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्के स्वस्त पडली.

या उदाहरणाचा आधार घेऊन फोन आला की प्रगती आपोआप येते, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. परंतु तेथे नुसता आवाज पुरेसा होता आणि मिळालेल्या माहितीवर निर्णय घेणारा स्वतः मच्छीमारच होता. भाव कळला, होडी वळविली, लाभ हाती आला. पीक पाहणीत माहिती देणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा. छायाचित्र पोहोचले नाही, तर तोटा निर्णय घेणाऱ्याला होत नाही. तो देणाऱ्याला होतो. नोंदीवाचून पीक कर्ज, विमा, हमीभावाची खरेदी आणि नुकसानभरपाई या चारही दारांशी अडचण उभी राहते. पुराव्याचा भार तलाठ्याच्या खांद्यावरून खातेदाराच्या खांद्यावर आला, पण तो वाहण्याचे साधन ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडले गेले.

हे नशीब सर्वांचे सारखे नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होते. आणि असा प्रत्येक फोन छायाचित्र पाठविण्याजोगा असतोच असे नाही. सातबारावर नाव लागलेल्या विधवेने ही पाहणी कोणाच्या हातून करून घ्यावयाची? शेजाऱ्याच्या, पुतण्याच्या की दुकानदाराच्या? एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा आणि पुढे गावपातळीवर नेमलेले सहायक यांमुळे ही अडचण काही अंशी कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण वेगाचा प्रश्न सहायकाच्या हाती फोन दिल्याने सुटत नाही. शिवार तेच आणि मनोराही तोच.

करता येण्याजोगे

उपाय दुर्मिळ नाहीत. पहिला उपाय तर बिनखर्ची आहे. ऊस की सोयाबीन, उभे की आडवे, हे ओळखण्यास एक कोटी ठिपक्यांचे छायाचित्र लागत नाही. २००२ च्या त्या फोनचे तीन लाख ठिपके पुरेसे आहेत. शासकीय ॲपने छायाचित्र शंभर किलोबाइटपर्यंत आटवूनच पाठवावे. मग सेकंदास १०० किलोबिटच्या मंद वेगानेही ते आठ सेकंदांत जाईल. जेथे चार मिनिटे लागत होती, तेथे आठ सेकंद.

दुसरे, मुदत मोजण्याची रीत बदलावी. छायाचित्र कोणत्या क्षणी आणि कोणत्या ठिकाणी घेतले, हे फोन स्वतः नोंदवून ठेवतो. मुदत त्या क्षणावर मोजावी, ते शासनाच्या संगणकावर उमटले त्या क्षणावर नव्हे. टपालातील पत्रावर रवानगीचा शिक्का असतो आणि तो मानण्याची परंपरा आपल्या कचेऱ्यांत जुनीच आहे. पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट घातली गेली, तेव्हा हाच मुद्दा उपस्थित झाला होता; पुराने रस्ता आणि वीज दोन्ही तोडली असता घड्याळ मात्र चालूच राहते.

तिसरे, महापुरात वीज गेल्यावर मनोरा बॅटरीवर आणि डिझेलवर काही काळ तग धरतो आणि मग मुका होतो. पाण्याने वेढलेल्या गावात डिझेल पोहोचवावयाचे कसे? पूररेषेतील गावांचे मनोरे उंच जागी असावेत आणि त्यांची साठवीज अधिक काळाची असावी, ही अट निधीतून मिळणाऱ्या साहाय्याला जोडता येईल. चौथे, राष्ट्रीय प्रकाशीय तंतू जाळ्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ‘भारतनेट’ नावाने चालली. ग्रामपंचायतीपर्यंत येणारी ती तार पंचायतीच्या कपाटात थांबू नये. पाहणीच्या मुदतीत सायंकाळी उशिरापर्यंत पंचायतीची जोडणी सर्वांस खुली ठेवली, तर दिवसा रानात घेतलेली छायाचित्रे रात्री बिनबोभाट रवाना होतील.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ब्रॉडबँडच्या व्याख्येत माहिती चढविण्याच्या वेगाची किमान मर्यादा घालावी. २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करणे भाग पाडले. त्या नकाशांवर हाही वेग दाखविला गेला पाहिजे. तलाठ्याच्या, आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, कार्यालयात गावाचा असा नकाशा टांगलेला असेल, तर कोणत्या गटातून छायाचित्र जाणार नाही हे शासनाला आधीच कळेल आणि तेथील खातेदाराकडे अधिकाऱ्याने स्वतः जावे, असे सांगता येईल.

मोबाइल फोनवरील पहिला संवाद भारतात ३१ जुलै १९९५ रोजी झाला, तेव्हा तो श्रीमंतांचा अलंकार होता. मिनिटाचा आकार सोळा रुपयांच्या घरात आणि आलेल्या फोनचेही पैसे, अशी स्थिती त्या काळी होती. तीन दशकांत तो शेतमजुराच्या खिशात आला, ही सामान्य कामगिरी नव्हे. पण चैनीची वस्तू बिघडली तर माणूस कुरकुर करून गप्प बसतो. नोंदीचे साधन बिघडले तर त्याचा हक्क बुडतो. शासनाने जेव्हा हा फोन आपल्या दप्तराचा भाग केला, तेव्हाच त्याच्या वेगाची जबाबदारीही शासनाकडे आली. ती जबाबदारी लेखी स्वीकारली जाईपर्यंत छायाचित्र उमटले नाही म्हणून कोणत्याही खातेदाराची भरपाई नाकारली जाऊ नये, एवढी अट तरी पुढील पावसाळ्यापूर्वी घालावयास हवी.