गोड्या पाण्याची दलदल : नांदूर मध्यमेश्वर

दलदल म्हटली कीं मुंबईकरास चिखल, डांस व दुर्गंधी एवढेंच आठवतें. हा ग्रह जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी व वरळी यांमधून आंत शिरणारें समुद्राचें पाणी हॉर्नबी वेलार्डच्या बांधानें अडविण्यांत आलें, आणि भायखळा-ताडदेवकडील सखल पाणथळ भूमि पुढें भराव घालून वसविण्यांत आली. शहरास जागा हवी होती, ती मिळाली. परंतु दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन नव्हे, हें समजून घ्यावयाचें तर दादरहून आगगाडीनें नाशिक रोड वा निफाड गांठावें व नांदूर मध्यमेश्वरास जावें.

तेथें गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतीसाठीं बंधारा बांधला गेला. पाणी थांबलें, तसा पाण्याबरोबर आलेला गाळही थांबला. गाळाचीं बेटें झालीं, उथळ जागीं पाणवनस्पति माजल्या, त्यांत मासे व किडे पोसले गेले, आणि त्यांच्यामागून पक्षी आले. १९८६ सालीं हें अभयारण्य झालें. २०२० च्या जानेवारींत रामसर करारान्वयें जागतिक महत्त्वाच्या पाणथळींत त्याचा समावेश जाहीर झाला. महाराष्ट्रांत हा मान प्रथम यासच मिळाला.

चापडगांवच्या बाजूची वाट सपाट असून वृद्धांसही झेपण्याजोगी आहे. हिवाळ्यांत पहांटे निघावें, सूर्य पाठीशीं ठेवावा आणि पक्ष्याचे पाय व चोंच प्रथम पाहावी. शेकाट्या लांब काटकुळ्या पायांनीं पाण्यांत उभा राहतो. चमचा आपली चपटी चोंच पाण्यांत डावी-उजवीकडे फिरवून भक्ष्य चांचपतो. कमळपक्षी लांब बोटांवर भार विभागून तरत्या पानांवरून चालतो. त्याच्या कुळांत अंडीं उबविण्याचें काम बहुधा नराकडे असतें. काळा वारकरी खोल पाण्यांत बुडी मारतो. एकाच पाणवठ्यावर प्रत्येकाची पंगत निराळी. म्हणूनच पाणी एकदम फार चढलें तर उथळ पाण्यांत चरणारे उपाशी राहतात, आणि आटलें तर बदकें निघून जातात.

विख्यात पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली (१८९६–१९८७) यांचें बालपण गिरगांवच्या खेतवाडींत गेलें. मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीचें नांव विचारण्यास ते लहानपणीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले आणि त्यांच्या अभ्यासास वळण लागलें. जिज्ञासूनें तशीच एका पक्ष्याच्या नांवापासून सुरुवात करावी.

मात्र वाट सोडून पाण्याकडे धांवूं नये, टाळ्या पिटूं नयेत. थव्यास उगाच उडविणें म्हणजे हजारों मैलांवरून आलेल्या पाहुण्यास भरल्या पानावरून उठविणें होय.