मोहाखालची झाडलेली जमीन

फाल्गुन सरत आला की नाशिककडच्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर माणसं उजाडायच्या आधीच घराबाहेर पडतात. मोहाखालचा पाचोळा आधीच लोटून जमीन स्वच्छ केलेली असते. रात्री उमललेलं फूल पहाटे अख्खंच्या अख्खं गळतं. मऊ, गरदार, फिकट पिवळसर. फांदीवर पान जवळजवळ नसतंच. टपटप आवाज चाललेला असतो आणि बायका-पोरं वाकून एकेक फूल टोपलीत टाकत असतात. ऊन चढायच्या आत काम उरकावं लागतं, कारण गुरांनाही हे फूल तेवढंच आवडतं. अंगणात वाळलं की त्याचा रंग मनुक्यासारखा होतो.

नाशिकला द्राक्षांनी नाव दिलं. पण सावळ घाटापलीकडच्या कोकणा, वारली, महादेव कोळी घरांचं झाड मोहाचं. शहरात मोह म्हटलं की दारू एवढंच आठवतं, याचं मला फार वाईट वाटतं. दारू आहेच. देवाला आणि पूर्वजांना तिची धार सोडल्याशिवाय कित्येक घरांतलं कार्य पुरं होत नाही. पण हेच वाळलेलं फूल टंचाईच्या महिन्यांत भाजून, शिजवून पोटाला आधार देत आलं आहे.

आणि तेल! फुलानंतर फळ धरतं, ते पावसाच्या तोंडाशी पिकतं. आतल्या बिया फोडायच्या, गर वाळवून कुटायचा, वाफेवर शिजवायचा आणि गरम असतानाच दोन जाड लाकडांमध्ये दाबायचा. ही जुनी रीत. लाकडाच्या टोकावर भार पडला की कडेने पिवळट तेल पाझरू लागतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. भाजीला, दिव्याला, भेगाळलेल्या टाचांना तेच. पेंड कडू, म्हणून गुरांपुढे ठेवत नाहीत; ओढ्याच्या डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात.

इंग्रज सरकारला मात्र या झाडात महसूल दिसला. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली. 1892च्या मोहाच्या कायद्याने तर शेजारच्या ठाणे-कुलाब्यात फुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावरच बंधनं आली. मक्तेदाराची दारू खपावी म्हणून गरिबाच्या कणगीतलं अन्न अडवलं गेलं. याचं दुसरं टोकही विसरता येत नाही. 1922च्या सुमाराला दारू सोडा असा देवीचा आदेश सांगणारी देवीची चळवळ या डोंगरांतून डांगकडे आणि पुढे दक्षिण गुजरातेत गेली, तेव्हा हजारो आदिवासींनी दारू स्वतःहून सोडली. दारू दुकानदारांच्या कर्जाचा फास त्यांना तोडायचा होता. महाराष्ट्र सरकारने मोहफुलांच्या संकलनावरचे, वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते 2021मध्ये.

पॅलेस्टाइनमधल्या ऑलिव्हबद्दल वाचताना मला म्हणूनच सुरगाणा आठवतो. तिथेही ऑक्टोबरच्या तोडणीला सगळं कुटुंब झाडाखाली जमतं, नव्या तेलाची चव घेतं. नाब्लुसमध्ये त्याच तेलाचा साबण बनतो. ती परंपरा 2024मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. बेथलेहेमजवळच्या अल-वलाजा गावातलं एक ऑलिव्ह काही हजार वर्षांचं मानतात. झाडं उपटली जातात, वाटा अडवल्या जातात, तरी माणसं तोडणीला जातात; कारण तोडणीला जाणं म्हणजे जमीन आपली आहे हे सांगणं. दोन्हीकडचं दुःख एकसारखं नाही. पण झाडाशी असलेलं नातं मला ओळखीचं वाटतं.

2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गोळा करणाऱ्यांची मालकी मान्य केली. त्याच्या 2008च्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात, सामूहिक हक्कासाठी पूज्य झाडं आणि देवरायाही. तरी वनजमिनीचे पट्टे रखडले. मार्च 2018मध्ये याही मागणीसाठी शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईला चालत गेला, त्यात सुरगाण्या-पेठेची माणसं मोठ्या संख्येने होती. मोह गळायचे ते दिवस. घरची टोपली मागे राहिलेल्यांच्या हाती देऊन ती निघाली असणार.

नागली-वरईच्या वावरात मधोमध मोह उभा असतो. नांगर त्याला वळसा घालून जातो. हा कुणाच्या आज्याने राखलेला, तो कुणाचा, हे पाड्यावर पोरांनाही ठाऊक असतं. चैत्रात अवकाळीचे ढग आले की तीच पोरं अंगणातली फुलं आत ओढायला धावतात. एकदा भिजलं की फूल आंबतं.