गुटीतला भगवा

संपादकांनी पाठवलं होतं कांद्यावर लिहायला. कळवणात अडकलो मात्र डाळिंबाच्या गुटीत.

एका रोपवाटिकेत एक काका मातृझाडाखाली उकिडवे बसले होते. पेन्सिलीएवढी फांदी, चाकूच्या दोन गोल चिरा, मधली इंचभर साल अलगद बाहेर. आता शेवाळ लावतील म्हणून मी पाहतोय, तर ते उघड्या लाकडावर चाकूची पाठ घासत बसले. ‘‘हा बुळबुळीत थर राहिला ना भाऊ, की झाड जखम सांधून घेतं. मग मुळी कशाला फोडेल?’’ नंतर वरच्या कडेला संजीवक, ओलं शेवाळ, प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. महिना-दीड महिन्यात आतून पांढरी मुळी दिसली की फांदी खालून कापायची.

‘भगवा’ जातीच्या या फांदीमागची खटपट जवळजवळ ७० वर्षांची. पुण्यात गणेशखिंडीच्या फळ केंद्रात डॉ. चीमांनी १९३६ साली ‘आळंदी’च्या रोपांतून मऊ बियांचं एक झाड निवडलं. १९७० मध्ये त्याचं नाव ‘गणेश’ झालं. चव गोड, पण दाणा फिका. म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘गुल-ए-शाह रेड’शी त्याचा संकर केला. दुसऱ्या पिढीतल्या रोपांतून आधी ‘मृदुला’ आणि पुढे, २००३च्या सुमारास, ‘भगवा’ निवडला गेला. बी पेरलं तर प्रत्येक झाड वेगळं निघतं. भगवा भगवाच राहतो तो गुटीमुळे.

आणि तिथंच घोडं पेंड खातं. गुटी गुण उचलते तसा रोगही उचलते. ‘तेल्या’ रोगाचा जिवाणू फांदीत लपून रोपाबरोबर नव्या बागेत जातो. ढगाळ, दमट हवा मिळाली की फळावर काळे तेलकट डाग पडतात आणि फळ तडकतं. कळवणच्या या कसमादे पट्ट्यातल्या कितीतरी बागांवर यापायी कुऱ्हाड चालली. ऊतीसंवर्धित रोप निरोगी निघतं, पण शेजारची बाग रोगट असेल तर ते किती दिवस टिकणार? सोलापूरला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. मात्र भगव्याचा रंग, गोडी आणि तेल्याला दाद न देणारं अंग एकाच झाडात आणणं सोपं नाही. हिमालयातलं रानटी ‘दारू’ डाळिंब काटक खरं, पण आंबट. त्याच्याशी संकर केला की तो आंबटपणाही मागोमाग येतो, आणि तो काढून टाकायला पुन्हा पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते.

काका पुढच्या झाडाकडे वळले. आधी चाकू औषधाच्या मगात बुडवला, पुसला, मग पानं उलटीपालटी करून पाहिली. एका पानाशी थबकले आणि ते झाडच सोडून दिलं.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली.

‘‘भगवाच ना? पाचशे रोपं पाहिजेत. काय भाव?’’

मातृझाड कोणतं, हे त्याने विचारलं नाही.