कुतूहल : सडपातळ माणसाला मधुमेह कसा?

“अंगावर मूठभर मांस नाही, मग शुगर निघाली कशी?” रिपोर्ट हातात पडला की हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या उत्तराचा एक भाग आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांत असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण बाळाच्या पाठीवरची कातडी चिमट्यात धरून घडीची जाडी मोजली, तेव्हा खरी गोष्ट कळली. ही बाळं दिसायला किरकोळ; स्नायू फारच कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली!

तुटपुंज्या पगारात आधी किराणा भरतात, घराची डागडुजी पुढे ढकलतात. अपुरं पोषण मिळालेला गर्भही आधी मेंदू सांभाळतो. स्नायू आणि स्वादुपिंडाला कमी मिळतं. रक्तातली बरीच साखर स्नायू वापरतात, इन्सुलिन स्वादुपिंड बनवतं. पुढे खाणं वाढलं, बैठं काम आलं, की हीच जोडी अपुरी पडते.

याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं ब-जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा परिणाम मंदावलेला दिसला. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटणातून मिळतं. घरातल्या मुलींच्या ताटात यातलं काही रोज पडतं का, ते आजच पाहा; शंका असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या.